माशांची खतावणी

बँकेतून निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. या काळात आकड्यांसाठी मला कुणी हाक मारली नव्हती. कादंबऱ्या लिहितो म्हणून एखादं वाचनालय कधीमधी कार्यक्रमाला बोलावतं, शाल-नारळ देतं, पण "साहेब, एवढा ताळा जमत नाही, बघता का जरा?" असं विचारणारं माणूस भेटेनासं झालं होतं. खरं सांगायचं तर शालीपेक्षा त्याचीच उणीव मला जास्त जाणवत होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, एका शनिवारी संध्याकाळी माझा पुतण्या पाठीवरची बॅग सावरत आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "काका, तुम्हाला खतावणी कळते ना?" तेव्हा मी खुर्चीत जरा ताठच बसलो.

पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो. आठवड्याचे पाच दिवस संगणकासमोर आणि उरलेले दोन नदीकाठी. त्याला गळानं मासे धरण्याचा नाद आहे. धरण्याचा म्हणजे धरून सोडण्याचा. मासा गळाला लागला की मोजायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा अलगद पाण्यात सोडायचा. आमच्या वहिनींना हे अजून पटलेलं नाही. "पाच-पाच तास उन्हात बसायचं आणि हाताला लागलेलं परत द्यायचं? मग येताना बाजारातून बोंबील तरी घेऊन ये," असं त्या दर रविवारी ऐकवतात.

त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून या नादिष्टांसाठी मोबाइलवरचं एक अ‍ॅप करायला घेतलं होतं. कुठे गेलो, केव्हा गेलो, कोणता मासा लागला, किती लांबीचा, याची रोजनिशी त्यात लिहायची आणि ती आपल्या सोबत्यांना दाखवायची. मित्र अ‍ॅपचा दर्शनी भाग करत होते. पुतण्याकडे होतं त्याचं बॅकएंड.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"तुमच्या बँकेत काउंटर असायचा, तिथे गिऱ्हाईक यायचं. पण त्यानं भरलेली स्लिप मागे जायची, लेजरला चढायची, संध्याकाळी ताळा व्हायचा, रात्री स्ट्राँगरूमला कुलूप लागायचं. ते मागचं सगळं माझ्याकडे."

मला एवढं पुरलं. मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण वही कशी असावी, हे मला छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं आहे. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची, असा नियम असतो. पहिला मेकर, दुसरा चेकर. पुतण्या मेकर झाला, मी चेकर झालो. शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि दर शनिवारी आमची बैठक सुरू झाली.

*

माझा पहिलाच प्रश्न होता, "मासा लागला नाही, तर काय लिहायचं?"

"काही नाही. मासाच नाही, तर नोंद कशाची?"

इथे मला माझी पहिली शाखा आठवली. दर महिन्याला वरच्या ऑफिसात ढीगभर विवरणपत्रं पाठवावी लागायची. बुडीत कर्जं किती, हरवलेले ड्राफ्ट किती, खोट्या नोटा किती. बहुतेक रकाने रिकामेच असायचे. तरी कागद पाठवायचाच, आणि त्यावर लिहायचं 'निरंक'. मी एकदा वैतागून कोराच कागद पाठवला, तेव्हा आमच्या शाखाधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "कोरा कागद आणि निरंक कागद यांत फरक असतो. कोरा म्हणजे कुणी पाहिलं नाही. निरंक म्हणजे पाहिलं, आणि काही आढळलं नाही."

माशांच्या बाबतीत तर हा फरक नदीच्या जिवाशी खेळतो. समजा, एका डोहावर मागच्या वर्षी दहा जण गेले आणि वीस मासे लागले. यंदा चाळीस जण गेले आणि तेवढेच वीस लागले. फक्त लागलेले मासे लिहिले, तर वही सांगेल की डोह जसाच्या तसा आहे. रिकाम्या हातानं परतलेल्यांनीही नोंद केली, तर कळेल की डोह चौथाईवर आला आहे. म्हणून मत्स्यशास्त्राचे अभ्यासक नुसते मासे मोजत नाहीत. किती माणसांनी किती तास खटपट केली, त्याच्याशी ते भागून पाहतात. पक्षी पाहणाऱ्यांची 'ईबर्ड' नावाची नोंदवही २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आज ती जगभर चालते. तीही यादी भरताना विचारते, की ओळखता आलेले सगळेच पक्षी यात लिहिलेत ना? कारण जे लिहिलं नाही, ते दिसलंच नाही असं धरायचं असेल, तर वही पूर्ण हवी.

पुतण्यानं हे ऐकलं आणि आपली मांडणीच उलटी केली. आधी त्याच्या वहीत मासा हा मूळ खातेदार होता. आता सहल ही मूळ नोंद झाली. निघालो केव्हा, बसलो किती तास, गळ किती, आणि त्या सहलीच्या पोटात मासे, शून्य किंवा कितीही. खतावणीत एका खात्याखाली अनेक नोंदी असतात, तसं. अशा तक्त्यांना एकमेकांशी जोडण्याची रीत एडगर कॉड नावाच्या गृहस्थानं आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली, असं पुतण्या म्हणाला. मी त्याला सांगितलं, की लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ सालीच छापली होती. दोघांचाही मान राहिला.

याच सुमारास वाचताना मला एक गंमत सापडली. आपल्या दख्खनच्या महासीर माशाची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा कुणी केली, तर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ मध्ये. मासा पुण्याच्या मुळा-मुठेचा. इथल्या लोकांच्या तोंडचं 'खुद्री' हे नावच त्यानं लॅटिन साजात बसवलं. आजही शास्त्रात तो 'टॉर खुद्री'च आहे. आणि हा साइक्स कोण? मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. म्हणजे आमच्याच पंथातला, आकडे मांडणारा माणूस. ज्या पाण्यात त्यानं तो मासा पाहिला, त्या पाण्याची आजची कळा पुणेकरांना सांगायला नको.

*

पुढचे तीन-चार महिने आम्ही अशाच एकेका गाठीशी भांडलो. वाचकांना कंटाळा येऊ नये म्हणून दोन-तीनच सांगतो.

नदीकाठी मोबाइलला रेंज नसते. म्हणून नोंद आधी फोनमध्ये लिहिली जाते आणि घाट उतरून रेंजमध्ये आल्यावर फोन ती सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर म्हणतो, 'पोचली'. पण हा 'पोचली'चा निरोपच वाटेत हरवला तर? फोन बिचारा पुन्हा पाठवतो. एका माशाचे दोन होतात, दोनाचे चार. पुतण्या यावर दोन रात्री जागला होता. मी म्हटलं, "अरे, स्लिपला नंबर कुठे पडतो?" "सर्व्हरवर." "तिथेच घोटाळा आहे. नंबर नदीकाठी पडला पाहिजे, काउंटरवर नाही. मग तीच स्लिप दहादा आली, तरी कारकून म्हणेल की हा नंबर चढलेला आहे, पुढे चला." पुतण्यानं कपाळावर हात मारला. त्यांच्या धंद्यात याला भलंमोठं नाव आहे. आमच्याकडे त्याला एकच व्हाउचर दोनदा पोस्ट न करणं म्हणत.

दुसरी गाठ तारखेची. पहाटे साडेचारला लागलेला रविवारचा मासा वहीत शनिवारी दिसायला लागला. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, आणि आपण साडेपाच तास पुढे. आपले पहाटेचे साडेचार म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे अकरा. त्यातून मासा लागला एका दिवशी आणि नोंद पोचली तिसऱ्या दिवशी. बँकेत चेक जमा झाल्याची तारीख आणि व्याज धरायची तारीख वेगळी असू शकते, तशा इथेही दोन तारखा ठेवल्या. एक माशाची, एक वहीची. दोन्ही खऱ्या.

तिसरी गाठ खाडाखोडीची. गळाचा मासा सांगता सांगता वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहे. सकाळी वीतभर असलेला संध्याकाळी हातभर होतो. म्हणून मी अट घातली, की एकदा केलेली नोंद खोडायची नाही. चूक झाली असेल तर खाली दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, मूळ आकडा दिसत राहिला पाहिजे. लेजरमध्ये ब्लेडनं खरवडलेला आकडा म्हणजे सस्पेन्शनची ऑर्डर, हे आमच्या पिढीला वेगळं सांगावं लागत नसे. आणि याच तोऱ्यात मी आणखी एक गोष्ट सांगितली. माशाचा फोटो हे या नोंदीचं व्हाउचर आहे; व्हाउचर जसंच्या तसं जपायचं, त्याला कात्री लावायची नाही, आणि ज्याला शंका येईल त्याला मूळ व्हाउचर पाहता आलं पाहिजे. पुतण्यानं 'मूळ फोटो पाहा' असं एक बटण करून दिलं. मी वहीत बरोबरची खूण केली. ती खूण अजून वहीत आहे. ती मी खोडलेली नाही.

*

त्या वर्षीच्या डिसेंबरात पुतण्या मला एका नदीवर घेऊन गेला. नदीचं नाव मी सांगणार नाही, तालुकाही नाही. का, ते पुढे कळेलच. तिथला एक म्हातारा भोई त्याच्या ओळखीचा होता. त्याची हयात त्या पाण्यात गेलेली. आधी तो बोलला नाही. तिसऱ्या फेरीला त्यानं पुतण्याला एक डोह दाखवला. वर उंबराची सावली, खाली कातळ, आणि उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी न आटणारं पाणी. दगडावर पालथं पडून पाहिलं, की खाली सोनेरी खवल्यांच्या सावल्या फिरताना दिसायच्या. महासीर. बरोबरीनं हात फैलावून म्हातारा म्हणाला, "एवढाले हायती. आजानं दाखिवलं मला. मी पोराला दाखिवलं. आता तुमाला." मग थोडं थांबून म्हणाला, "साहेब, जागा मातर पोटात ठेवा."

"ठेवू," मी म्हटलं. बँकेच्या माणसाला गुपित ठेवायला काय शिकवायचं?

अ‍ॅपमध्ये जागेचा प्रश्न आम्ही आधीच सोडवला होता, निदान तसं आम्हाला वाटत होतं. फोन जागा सांगतो ती अक्षांश-रेखांशात, दशांश चिन्हापुढे पाच-सहा आकडे देऊन. चौथा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे अकरा मीटर. दुसरा आकडा म्हणजे साधारण एक किलोमीटर. म्हणजे पुढचे आकडे छाटले, की जागा धूसर होते. पैशांत लिहिलेली रक्कम लाखांत लिहावी, तसं. इतरांना आम्ही ही छाटलेली जागा दाखवत होतो. पुतण्यानं आधी वेगळी युक्ती काढली होती, दर वेळी खऱ्या जागेपासून थोडी भलतीकडेच खूण दाखवायची. ती मीच मोडीत काढली होती. रोज वेगळं खोटं बोललं, तर शंभर खोट्यांच्या सरासरीतून खरं बाहेर येतं, हे मला तपासणीच्या कामात पुरेपूर कळलं होतं.

त्या दिवशी पुतण्याच्या गळाला एक मोठा महासीर लागला. पाण्यातच धरून त्यानं त्याची लांबी घेतली, फोटो काढला आणि सोडला. माशानं शेपटीचा एक फटका दिला, आमच्या दोघांच्या अंगावर पाणी उडालं, आणि तो खाली गेला. परतताना घाटात रेंज आली आणि नोंद पोचली. पहिल्याच रात्री दीडशेवर लोकांनी ती पाहिली. आम्ही दोघंही खूष होतो.

साडेतीन आठवड्यांनी म्हाताऱ्याच्या मुलाचा फोन आला. रात्री कुणीतरी डोहात जिलेटिनच्या कांड्या टाकल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काठावर मोठे मासे नव्हते. ते ज्यांना हवे होते त्यांनी नेले होते. बोटाएवढी पिलं मात्र पांढरी पोटं वर करून पाण्यावर होती, शेकड्यांनी. स्फोटात मासा आतून फुटतो, आणि वर येतात त्याहून जास्त तळाला जाऊन बसतात. नदीत सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारायला १८९७ च्या इंडियन फिशरीज अ‍ॅक्टनंच बंदी घातली होती. सव्वाशे वर्षं उलटली, कांड्या काही थांबल्या नाहीत.

म्हातारा दगडावर बसला होता. "कुणाला सांगितलंत?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"कुणालाच नाही," पुतण्या म्हणाला. आणि ते खरंच होतं.

*

घरी आल्यावर पुतण्या रात्रभर सर्व्हरच्या वहीत डोकं घालून बसला. सर्व्हर इतरांच्या नोंदी ठेवतो, तशी स्वतःचीही एक कीर्द ठेवतो. कुणी, केव्हा, काय उघडलं. पहाटे त्यानं मला उठवलं. स्फोटाच्या सहा दिवस आधी एक नवं खातं उघडलं गेलं होतं. त्या खात्यानं एकही नोंद केली नव्हती, कुणाशी मैत्री केली नव्हती. फक्त महासीराच्या नोंदीवर जाऊन 'मूळ फोटो पाहा' हे बटण दाबलं होतं. त्यानंतर ते खातं पुन्हा कधी उघडलं नाही.

"फोटोत काय आहे?" मी विचारलं. "पाणी, मासा आणि तुझे हात."

"फोटोत नाही काका, फोटोच्या फायलीत." त्यानं फाइल उघडून दाखवली. मोबाइलचा कॅमेरा फोटो काढताना त्याच्या पोटात बारीक अक्षरांत एक चिठ्ठी घालून ठेवतो. कोणता फोन, किती वाजले, आणि जागा विचारायची परवानगी दिलेली असेल तर जागा. दशांश चिन्हापुढचे सगळे आकडे तिथे जसेच्या तसे होते. आम्ही दारावरची पाटी पुसली होती आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली होती. पुतण्या काही बोलला नाही. आपण हे विसरलो, एवढंच म्हणाला. पण विसरलो कोण? कात्री लावायची नाही, असं बजावणारा मी होतो. खूण माझी होती.

त्या खात्याचा आणि त्या कांड्यांचा संबंध होताच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बँकेतल्या चौकशीत मी 'निश्चित निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहून फाइल बंद केली असती. घरी ती बंद झाली नाही. कारण त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी कुठल्याच कादंबरीत लिहू शकलेलो नाही.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी होतो. आमच्या शाखेत एका विधवा बाईंची मुदत ठेव होती. नवरा नोकरीत असताना गेला, त्याचे पैसे आलेले. एक दिवस त्यांचा दीर भेटला. सालस माणूस, चहाच्या टपरीवर गाठ पडायची. म्हणाला, "वहिनींचं कसं होणार, काळजी वाटते हो." मी त्याला धीर द्यायला म्हणून बोलून गेलो, "काळजी करू नका, बऱ्यापैकी सोय आहे त्यांची." आकडा मी सांगितला नव्हता. शपथेवर सांगतो, आकडा सांगितला नव्हता. पण तीन महिन्यांत ती ठेव मुदतीआधीच मोडायला बाई काउंटरवर आल्या. दीर मागे उभा होता. मी फॉर्म पुढे केला, त्यांनी सही केली, आणि मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही.

मी सांगितला होता तो छाटलेला आकडा होता. तेवढा पुरला.

आणि नदीचंही तसंच असतं, हे मला आता कळत होतं. मोकळ्या मैदानात एक किलोमीटरचा चौकोन मोठा असतो. नदी ही एक रेघ आहे. एक किलोमीटरच्या रेघेवर उन्हाळ्यात न आटणारा डोह एकच असेल, तर गावचं पोर बोट ठेवून दाखवील. म्हणजे ती चिठ्ठी फोटोत नसती, तरी आमची छाटलेली जागा पुरेशी झाकलेली नव्हती.

*

पुतण्याचं म्हणणं पडलं, की आपण जाऊन म्हाताऱ्याला सांगायचं. माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्यानं दहा कारणं काढली. पुरावा नाही, उगाच गावात बोभाटा होईल, त्याला ते कळणार तरी कसं. "काका, त्यांना जागा पोटात ठेवणं कळतं. तेवढंच सांगायचंय," तो म्हणाला. आम्ही गेलो. सांगितलं. म्हातारा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमी नाय सांगितलं. तुमच्या वहीनं सांगितलं. पर वही तुमचीच." आणि उठला. आम्हाला चहा विचारला नाही. त्याचा तो हक्क होता.

मग आम्ही अ‍ॅप दोन महिने बंद ठेवून त्याची मागची बाजू पुन्हा बांधली. या वेळी मी लेजर बाजूला ठेवलं आणि पुतण्याला लॉकर समजावून सांगितला. बँकेत दोन प्रकारची राखण असते. खात्यातला पैसा बँक मोजते, लिहिते, दर संध्याकाळी त्याचा ताळा घालते. लॉकरमधल्या वस्तूकडे मात्र ती पाहतही नाही. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. आत सोनं आहे, की कुणाची जुनी पत्रं, हे अधिकाऱ्याला ठाऊक नसतं; आणि ठाऊक नसतं म्हणून चहाच्या टपरीवर तो ते बोलूनही जाऊ शकत नाही.

जागेचं आता तसं केलं आहे. नेमकी जागा ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहते. सर्व्हरकडे ती येतच नाही, फक्त मोठ्या खोऱ्याचं नाव येतं. फोटोच्या पोटातली चिठ्ठी फोनमधून निघायच्या आधीच काढली जाते, आणि चुकून राहिलीच तर सर्व्हर दारातच काढतो. व्हाउचर फाडलेलं नाही. ते ज्याचं त्याच्या घरी आहे. महासीरासारख्या माशांच्या बाबतीत तर खोऱ्याचं नावही झाकतो. 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जीवांची जागा अंशाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात आपोआप धूसर करतात. आधी विचारलं असतं, तर शहाणी माणसं होती. आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

एका मित्रानं यावर रास्त शंका काढली. जागाच सांगायची नाही, तर नदी वाचवायची कशी? महाडजवळच्या वाळणकोंडाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे वरदायिनी देवीच्या डोहात महासीर आहेत, लोक लांबून पाहायला येतात, आणि कुणी त्यांना हात लावत नाही. ते देवीचे मासे. तिथे जागा जगजाहीर आहे म्हणूनच मासे जिवंत आहेत. हे खरंच आहे. पण तिथे डोहाला गाव आहे, देवी आहे, राखण करणारे डोळे आहेत. ज्या डोहाला राखणदार आहे, त्याची दवंडी पिटावी. ज्याला एक म्हातारा सोडून कुणी नाही, त्याच्याबद्दल गप्प बसावं. कोणता डोह कोणत्या प्रकारचा, हे सर्व्हरला कळत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं.

महासीर तसा चिवट. लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली, पिलं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. जिथे पाणी राहिलं, तिथे तो तग धरतो. म्हाताऱ्याच्या मुलाचा मागच्या पावसाळ्यानंतर एकदा फोन आला होता. डोहात बोटाएवढी पिलं दिसतात म्हणाला. खालून चढली असतील. "बाबा म्हणाले, कळवून ठेव." पुतण्यानं विचारलं, येऊ का बघायला? तो थोडा घुटमळला. "बाबांना विचारून सांगतो," म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

आम्ही दुसरीकडे जातो. गेल्या रविवारी एका धरणाच्या मागच्या पाण्यावर होतो. पुतण्यानं माझ्याही हाती गळ दिला. सकाळी सहा ते अकरा, दोन माणसं, दोन गळ. एक खंड्या तीनदा सूर मारून गेला, त्याला तिन्ही वेळा मिळालं. आम्हाला काही नाही. उन्हं चढली, तसा पुतण्यानं माझ्या फोनवर अ‍ॅप उघडून दिलं आणि म्हणाला, "काका, इतके दिवस तपासताय, एक नोंद स्वतः करा."

मी चष्मा लावला. तास भरले, माणसं भरली, गळ भरले. जागेच्या रकान्यात कुलपाचं चित्र होतं. माशाच्या रकान्यात मी एकेक अक्षर दाबत लिहिलं, निरंक.